शुक्रवारीच पोट का दुखतं? (मुलाचा ताबा, भेटीचे दिवस आणि आम्ही दोघं)

ओलीमाती

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आम्ही वेगळे झालो त्याला तीन वर्षं झाली, घटस्फोट होऊन दीड. मुलगा ८ वर्षांचा आहे. राहतो माझ्याकडे. एका आड एक आठवड्याला शुक्रवारी संध्याकाळी बाबाकडे जातो, रविवारी संध्याकाळी परत येतो. म्हणजे १४ रात्रींतल्या २ तिकडे.

आता त्याच्या बाबाला निम्मे दिवस हवेत. एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग कोर्टातच बोलू.

मी नाही म्हटलं त्याला कारण आहे. गेले चार-पाच महिने जायच्या शुक्रवारी मुलाचं पोट दुखतं. शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि गुडघे पोटाशी घेऊन पडून राहतो. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही सापडलं नाही. निघताना रडतो. दोन दिवसांतच हे हाल, मग सात दिवस कसे काढेल? त्याच्या बाबाचं म्हणणं, तिकडे पोचल्यावर तो अगदी मजेत असतो, पोट तूच दुखायला लावतेस. हे ऐकल्यापासून मला रात्री झोप नाही.

विचारायचं ते असं. कोर्टात जावं की कुणा मध्यस्थाकडे? आणि तुला कुठे राहायचंय, हे ८ वर्षांच्या मुलाला सरळ विचारावं का?

एक आणखी. तो वाईट बाप नाही. हे वाक्य लिहायला मला वेळ लागला, पण ते खरं आहे.

गच्ची

रविवारी परत येतो तेव्हा कसा असतो?

ओलीमाती

गप्प. तासभर बोलत नाही, काही विचारलं की चिडतो. मागच्या खेपेला बूट भिंतीवर फेकले. म्हणून तर वाटतं की तिकडे काहीतरी बिनसतंय.

रविवारचा बाबा

ताई, मी पलीकडच्या बाजूचा. मुलगी आता ११ वर्षांची आहे. ती सहा वर्षांची असताना रविवारी माझ्याकडून निघताना रडायची, माझ्या शर्टाची बाही सोडायची नाही. मी एक वही केली होती. तारीख, वेळ, किती मिनिटं रडली, काय म्हणाली. मला वाटायचं, एवढा पुरावा पुरे आहे.

तिकडे तिची आईही वही लिहीत होती, शुक्रवारच्या रडण्याची. कोर्टाने नेमलेल्या समुपदेशक बाईंसमोर दोन्ही वह्या आल्या. त्यांनी शांतपणे वाचल्या आणि विचारलं, "निघताना रडते हे दोघांनीही लिहिलंय. पोचल्यावर अर्ध्या तासाने ती काय करत असते, हे कुणी लिहिलंय का?" कुणीच लिहिलं नव्हतं. आम्हाला दोघांनाही ते नको होतं.

तुमच्या मुलाचंही तेच आहे असं मी म्हणत नाही. पण रविवारची चिडचिड हा तिकडे काही वाईट घडल्याचा पुरावा नाही. परत आलेल्या मुलाला एक तास द्या. "काय केलंस, काय खाल्लंस, कोण आलं होतं" यातलं काहीही विचारू नका. आमच्याकडे पहिला तास चित्रं काढण्याचा असतो, कुणी काही बोलत नाही.

आता थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. १४ पैकी २ रात्रींत बाप पाहुणा होतो. मुलाचा गृहपाठ, ताप, सकाळची शाळेची घाई, रुसवे, यातलं काही त्याच्या वाट्याला येत नाही. शनिवार-रविवार फक्त करमणूक करायची आणि सोडून यायचं. माझ्या मुलीचा दात पडला तेव्हा मला चार दिवसांनी कळलं, तेही फोटोवरून. निम्मे दिवस मागणारा माणूस तुमच्याकडून काही हिसकावतोय असं तुम्हाला वाटत असेल. कदाचित त्याला मुलाला एकदा शाळेत सोडून यायचं असेल, इतकंच.

नातवंडांची आजी

मला हे दिवस मोजणं पटत नाही. पोर म्हणजे काय सामान आहे, सोमवारी इकडे आणि गुरुवारी तिकडे? आठ वर्षांचं मूल आईजवळच हवं, तसा निसर्गच आहे. बापाने येऊन भेटावं, लाड करावेत, जावं. एक घर, एक अंथरूण, एक शिस्त. ओलीमाती, तू हो म्हणू नकोस.

काळा कोट

आजी, तुमची काळजी समजते. पण "मूल आईचंच" हा नियम फार जुना नाही. इंग्लंडच्या कायद्यात कितीतरी काळ वैध लग्नातली मुलं सर्वस्वी बापाची असायची. वेगळ्या झालेल्या आईला भेटण्याचाही हक्क नव्हता. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेची तीन मुलं नवऱ्याने तिच्यापासून तोडली, तिने त्याविरुद्ध लिहिलं, खासदारांच्या मागे लागली, आणि १८३९ साली कायदा झाला. त्यानुसार आईला सात वर्षांखालच्या मुलांच्या ताब्यासाठी आणि त्याहून मोठ्या मुलांच्या भेटीसाठी अर्ज करता येऊ लागला. लहान मूल आईकडे, ही समजूत कायद्यात रुजायला सुरुवात झाली ती तिथून. म्हणजे निसर्ग म्हणून आपण जे सांगतो ते एका बाईने झगडून मिळवलेलं आहे. आज बापही तसाच झगडतो, आणि त्यालाही ऐकून घ्यायला हवं.

ओलीमाती, कायदा देशागणिक वेगळा असतो, त्यामुळे तुमच्या प्रकरणाचं उत्तर तुमचे वकीलच देतील. पण जवळपास सगळीकडे प्रश्न एकच विचारला जातो, मुलाचं हित कशात आहे? मग बघितलं जातं की आजवर मुलाचं कोण काय करत आलंय, शाळा आणि दोन्ही घरं यांत अंतर किती, मुलाची तब्येत कशी आहे, घरात भीतीचं वातावरण आहे का. आणखी एक गोष्ट पाहतात, ती अशिलांना सांगितली की दचकतात. एक पालक मुलाचं दुसऱ्याशी असलेलं नातं टिकवायला मदत करतो की त्यात खोडा घालतो?

मुलाला विचारण्याबद्दल. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. त्याचं कलम १२ म्हणतं की मुलाला आपलं मत मांडण्याचा हक्क आहे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावं. कलम ९ म्हणतं की पालकांपासून वेगळं राहणाऱ्या मुलाला दोघांशीही नियमित संबंध ठेवण्याचा हक्क आहे, त्याच्या हिताला बाधा येत नसेल तर. हक्क मुलाचा आहे, हे मी प्रत्येकाला दोनदा वाचायला लावतो. पण मत देणं वेगळं आणि निकाल देणं वेगळं. निकालाचं ओझं आठ वर्षांच्या डोक्यावर ठेवू नका.

निळी छत्री

सगळे मध्यस्थी, समजूत, सहकार्य यावर बोलतील, म्हणून आधीच लिहिते. ज्या घरात मारहाण किंवा धाक होता तिथे हे लागू नाही. मला एका खोलीत त्याच्यासमोर बसवलं होतं, "दोघं मिळून ठरवा" म्हणून. त्याने फक्त पेन टेबलावर आपटलं आणि मी जे समोर आलं त्यावर सही केली. मिळून ठरवण्यासाठी आधी दोघांना न घाबरता बोलता यावं लागतं.

आमच्याकडे आता भेटी देखरेखीखाली होतात, तिसऱ्या माणसाच्या समोर. आम्ही एकमेकांशी बोलतच नाही, फक्त लेखी, आणि तेही मुलीच्या कामापुरतं. ओलीमाती, तुम्ही "वाईट बाप नाही" लिहिलंय म्हणून तुमचं वेगळं असेल. पण हा धागा वाचणाऱ्या कुणाचं माझ्यासारखं असेल तर तिने सहकार्य करत नाही म्हणून स्वतःला अपराधी समजू नये.

तिसरी खुर्ची

निळी छत्री, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मी गेली बरीच वर्षं कौटुंबिक मध्यस्थीचं काम करते. दोघांना एकत्र बसवण्याआधी प्रत्येकाला एकेकट्याने भेटून धाकदपटशा आहे का, हे विचारायलाच हवं. ते न करणारा मध्यस्थ निवडू नका. गरज असेल तर दोघांना दोन खोल्यांत बसवून मध्यस्थ ये-जा करतो. कधी कधी आम्ही सरळ सांगतो की ही मध्यस्थीची केस नाही.

ज्यांचं बोलणं झालं की भांडण होतं, पण भीती नाही, त्यांच्यासाठी समांतर पालकत्व म्हणून एक रस्ता आहे. प्रत्येकाने आपल्या घरी आपल्या पद्धतीने वागायचं, संपर्क कमीत कमी, सगळं लेखी, आधी ठरलेलं. झोपायची वेळ तिकडे दहा आणि इकडे नऊ असली तरी मूल जगतं. दारात उभं राहून त्यावरून वाजलं की त्याला त्रास होतो.

ओलीमाती, कोर्ट की मध्यस्थी, यावर एक अभ्यास मला सांगावासा वाटतो. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या रॉबर्ट एमेरी यांनी ताब्यासाठी कोर्टाच्या वाटेवर असलेली कुटुंबं घेतली आणि कुणी मध्यस्थीला जायचं, कुणी कोर्टात, हे नाणेफेकीसारखं योगायोगावर ठेवलं. मध्यस्थी चालली सरासरी पाच-सहा तास. बारा वर्षांनी पाहिलं तर मध्यस्थीच्या गटात वेगळं राहणाऱ्या पालकांपैकी २८ टक्के मुलांना आठवड्यातून एकदा तरी भेटत होते. कोर्टाच्या गटात ९ टक्के. कुटुंबं फार नव्हती, सत्तरच्या आसपास, पण पाच-सहा तासांच्या बोलण्याचा परिणाम बारा वर्षं टिकला, हे मी कामाला कंटाळते तेव्हा आठवते.

अर्धविराम

अभ्यासांबद्दल थोडी सावधगिरी. "दोन्ही घरी राहणारी मुलं जास्त सुखी" असं ठोकून सांगितलं जातं. २००२ मध्ये बाउझरमन या संशोधकांनी ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले आणि निष्कर्ष साधारण तसाच निघाला. पण ज्यांचं आपसात बरं आहे तेच मुळात अशी व्यवस्था निवडतात. मग मुलं बरी आहेत ती निम्म्या दिवसांमुळे की आईबाप भांडत नाहीत म्हणून? हे वेगळं करणं अवघड आहे. एमेरींचा अभ्यास मला आवडतो तो याचसाठी, तिथे निवड कुटुंबांच्या हातात नव्हती.

माझं मत असं की ७-७ हा आकडा बापाच्या मनाला न्याय्य वाटतो, २-१२ आईला सुरक्षित वाटतो, आणि मुलाला यातलं काहीच मोजता येत नाही. त्याला कळतं ते इतकंच की उद्या सकाळी डबा कोण भरणार आहे.

गच्ची

मुलं एका घरात ठेवून आईबापांनीच आळीपाळीने ये-जा करायची, असंही करतात ना? कुणी केलंय?

खारूताई

आम्ही केलं, सात महिने. मुलं खूश होती. आम्ही फ्रीजमधल्या उरलेल्या अन्नावरून आणि ओल्या टॉवेलांवरून परत तीच भांडणं सुरू केली ज्यांसाठी वेगळे झालो होतो. थोड्या काळासाठी चांगलं आहे, मुलांना पहिला धक्का कमी बसतो. कायमचं करायचं तर फार समजूतदार माणसं लागतात, शिवाय तीन घरांचा खर्च.

आता दोन घरं आहेत. माझा अनुभव असा की निम्मी भांडणं वस्तूंवरून होतात. शाळेचे बूट नेहमी दुसऱ्या घरी! मग आम्ही ठरवलं, रोज लागणारं सगळं दोन्हीकडे दोन. आवडीच्या वस्तू मुलांच्या, घराच्या नाहीत, त्यामुळे हत्ती कुठेही जाऊ शकतो. (हत्ती कापडाचा. एक कान गेलाय. दोन्ही घरांत त्याची उशी आहे.) धाकटीने बाबाकडच्या मोज्यांना "परदेशी मोजे" असं नाव ठेवलंय, आणि ते धुऊन परत पाठवताना ती पाकिटावर शिक्का काढते.

रविवारचा बाबा

शिक्का :) ही मोठी होऊन नक्की पोस्टात जाणार.

दोनघरची

मी २७ वर्षांची आहे. आईबाबा वेगळे झाले तेव्हा नऊ. मला विचारलं होतं. स्वयंपाकघरात उभं करून, दोघांच्या समोर, "घाबरू नकोस, खरं सांग, कुणाकडे राहायचंय?" मी म्हटलं, "आईकडे." कारण आई दाराजवळ उभी होती आणि तिचा हात थरथरत होता. बाबाने मान हलवली आणि पाणी प्यायला. तो ग्लास मला अजून आठवतो. पुढे कितीतरी वर्षं मला वाटायचं की बाबाला मी घराबाहेर काढलं.

आणखी एक सांगते, कारण तुम्ही पोटदुखीबद्दल लिहिलंय. मी आईला सांगायचे, बाबाकडे कंटाळा येतो. बाबाला सांगायचे, आईकडे कंटाळा येतो. दोन्ही खोटं होतं. तिकडे मजा आली असं म्हटलं की आईचा चेहरा क्षणभर पडायचा, मग ती हसायची. ते हसू मला बघवायचं नाही, म्हणून मजा आली तरी मी लपवायचे. पुढे पुढे तर मजा यायला लागली की पोटात गोळा यायचा, आता घरी जाऊन काय सांगू म्हणून.

आणि निरोप! "बाबाला सांग, फीचे पैसे अजून आले नाहीत." "आईला विचार, पुढच्या शनिवारी चालेल का." मी वाटेत पाठ करत जायचे. शब्द विसरले तर भांडण होईल, अशी भीती. कधी कधी निरोप थोडा गोड करून सांगायचे, आणि मग ते पकडलं जायचं.

मला काय हवं होतं? दोघांपैकी कुणीतरी म्हणायला हवं होतं, "तिकडे मजा आली? छान, सांग ना." आणि त्यांचा चेहरा खरंच तसा असायला हवा होता.

ओलीमाती

दोनघरची, तुमचं लिहिणं तीन वेळा वाचलं. "पुढच्या खेपेला जाड स्वेटर पाठवायला सांग" हे मी कालच मुलाला सांगितलंय.

पेन्सिल

मी प्राथमिक शाळेत शिकवते. सोमवारी सकाळी बघून मला कळतं की कुणाचा रविवार दुसऱ्या घरून परत येण्याचा होता. एक साधी गोष्ट सुचवते. मुलाची अदलाबदल दारात करूच नका, शाळेत करा. शुक्रवारी सकाळी आईने शाळेत सोडायचं, दुपारी बाबाने शाळेतून न्यायचं. सोमवारी बाबाने सोडायचं, आईने न्यायचं. मुलाला एकाला सोडून दुसऱ्याकडे जावं लागत नाही, मध्ये अख्खा शाळेचा दिवस असतो, मित्र असतात. माझ्या वर्गातल्या दोन मुलांची शुक्रवारची डोकेदुखी अशीच थांबली. फक्त कुणी न्यायचं, हे शाळेला लेखी कळवून ठेवा आणि दोघांचेही फोन नंबर द्या.

तिसरी खुर्ची

पेन्सिल यांचं अगदी बरोबर. त्याला जोडून, ओलीमाती, ७-७ आणि २-१२ यांच्या मध्ये बरंच काही आहे. एका आड एक शुक्रवार ते सोमवार सकाळ, म्हणजे ३ रात्री, आणि दर आठवड्याला मधली एक रात्र धरली तर १४ पैकी ५ होतात. पुढे निम्म्यावर जायचं ठरलं तर २-२-५-५ नावाची पद्धत आहे. सोमवार-मंगळवार कायम एकाकडे, बुधवार-गुरुवार कायम दुसऱ्याकडे, शुक्रवार ते रविवार आळीपाळीने. आठ वर्षांच्या मुलाला वार कळतात, त्यामुळे "आज बुधवार, आज बाबा" हे त्याला स्वतःलाच सांगता येतं. सलग सात दिवस एका पालकाला न भेटण्यापेक्षा काही मुलांना हे सोपं जातं, काहींना सारखी ये-जा नकोशी होते. म्हणून जे ठरेल ते तीन महिन्यांपुरतं ठरवा आणि पुन्हा बसा.

मुलाला "कुठे राहायचंय" विचारू नका. "काय सोपं झालं तर बरं वाटेल" हे विचारता येतं.

नातवंडांची आजी

दोनघरचीचं वाचून मला रडू आलं. माझी नात येते तेव्हा मी तिला पहिलं हेच विचारते, तुझी आई काय म्हणत होती. आता नाही विचारणार. दिवस मोजणं मला अजूनही पटत नाही, ते राहू दे.

ओलीमाती

पाच आठवड्यांनी परत लिहितेय.

मी मुलाला विचारलं. कुठे राहायचंय हे नाही. झोपायच्या आधी, दिवा घालवल्यावर विचारलं की शुक्रवारी सगळ्यात नकोसं काय वाटतं. बराच वेळ गेला. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "तू फाटकात उभी राहतेस ना, गाडी वळेपर्यंत. मग मला मागे बघत बसावं लागतं."

मी रोज त्याला शाळेत सोडते तेव्हा फाटकाशी थांबतही नाही. शुक्रवारी थांबायचे, कारण मला वाटायचं त्याला बरं वाटेल.

हे मी त्याच्या बाबाला लिहून पाठवलं, आणखी काही न जोडता. दोन दिवसांनी उत्तर आलं, मध्यस्थाकडे जाऊ. आम्ही दोनदा बसलो. पहिल्या वेळी वीस मिनिटं जुनंच निघालं. मध्यस्थ बाईंनी दोघांना वेगवेगळं बाहेर नेऊन पाणी दिलं. त्याने सांगितलं की गेल्या दोन वर्षांत एकाही पालकसभेचं त्याला कळलेलं नाही. ते खरं होतं. मी कळवलं नव्हतं.

सध्या १४ पैकी ५ ठरलंय, तीन महिन्यांसाठी. नेणं-आणणं शाळेतून. निरोप थेट एकमेकांना, लेखी. दिवस बदलायचा तर दोन दिवस आधी सांगायचं. शाळेची पत्रं दोघांनाही. त्याला सहा महिन्यांनी निम्म्यावर जायचंय, मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. मोठ्या सुट्टीचं काहीच जमलं नाही, त्यावर पुढच्या वेळी बसायचंय.

गेला शुक्रवार असा पहिलाच होता. सकाळी पोट दुखतंय म्हणाला, पण शाळेत गेला. दुपारी बाईंनी बोलावलं नाही. बुधवारची रात्र मात्र मला जड जाते, घर फार शांत असतं.

एक विचारायचं राहिलं. तो तिकडे असताना रात्रीचा फोन मी करावा की तो करेल तेव्हाच बोलावं?

खारूताई

त्याला करू द्या. आमची धाकटी पहिले तीन दिवस रोज करायची, मग विसरायला लागली. विसरली त्या रात्री मी फोन हातात घेऊन बसले होते, पण नाही केला.

दोनघरची

त्यालाच करू द्या. आणि बोलताना बुधवारच्या शांततेबद्दल काही सांगू नका, ते इथे लिहा.

ओलीमाती

बरं. बुधवारी इथे येते.